ढोबळी मिरचीची फुले गळतात, पाने मुरडतात, फळ बुडातून काळे पडते. नेमके चुकते कुठे? आमगावच्या हवामानात पीक कसे घ्यावे, वाचा सविस्तर

आमगाव : दिवाळीच्या आगेमागे हलक्या धानाची कापणी आटोपली की आमगाव तालुक्यातील बांध्या मोकळ्या होऊ लागतात. ज्यांच्याकडे विहीर, बोअर किंवा बाघ प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी आहे, त्यांच्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न असतो. पुन्हा उन्हाळी धान घ्यायचे की भाजीपाल्याकडे वळायचे? भाजीपाल्याचा विषय निघाला की हल्ली ढोबळी मिरचीचे, म्हणजेच शिमला मिरचीचे नाव हमखास येते. हॉटेल, लग्नाच्या पंगती आणि चौकातल्या चायनीजच्या गाड्या, सगळीकडे ती लागते.

मात्र नवख्या माणसाला हेच पीक सर्वाधिक रडवते. झाड हिरवेगार दिसते, फुलेही लागतात, पण दोन-चार दिवसांत गळून पडतात. फळ धरलेच तर बुडाशी काळा डाग पडतो. पाने वाकडी होतात. मग एक पान तोडून कृषी केंद्रावर नेले जाते आणि दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळून फवारली जातात. पैसे जातात, अंगावर विष उडते आणि फुले गळायची थांबत नाहीत. कारण यातल्या निम्म्या तक्रारींचा कीड-रोगाशी संबंधच नसतो. पाणी, तापमान आणि लागवडीची वेळ चुकल्याने त्या उद्भवतात. म्हणून औषधाआधी लक्षण ओळखणे महत्त्वाचे ठरते.

मिरचीच, पण तिखट का नाही?

ढोबळी मिरची आणि आपली रोजची तिखट मिरची या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या घटकामुळे येतो. हा घटक बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या भागात तयार होतो. ढोबळी मिरचीत तो तयार करणारे जनुक काम करत नाही. त्यामुळे तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल मापावर तिची नोंद शून्य होते.

हिरवी, पिवळी आणि लाल ढोबळी मिरची ही तीन वेगळी पिके नाहीत. हिरवे फळ म्हणजे अपक्व फळ. तेच झाडावर ठेवले तर वाणानुसार लाल, पिवळे किंवा केशरी होते. पिकलेल्या फळात क जीवनसत्त्वाचे प्रमाण हिरव्यापेक्षा जास्त असते. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी सेगेद शहरात पाप्रिका या मिरचीतूनच क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे केले होते. त्यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तीन उंचवट्यांचे फळ नर आणि चार उंचवट्यांचे मादी, असा संदेश मोबाइलवर फिरतो. त्यात तथ्य नाही. फळाला नर-मादी असा भेद नसतो. उंचवट्यांची संख्या वाण आणि वाढीच्या परिस्थितीवर ठरते.

आमगावात लागवड कधी करावी?

या पिकाला दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १६ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. पारा ३२ ते ३५ अंशांच्या वर गेला की परागकण निकामी होतात आणि फूल गळते. रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली गेले तरी फळधारणा बिघडते.

आता गोंदिया जिल्ह्याचे वर्ष डोळ्यासमोर आणा. पावसाळ्यात मुळांशी पाणी साचते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातील सर्वांत थंड शहरांच्या यादीत गोंदियाचे नाव वारंवार झळकते. म्हणजे उघड्या शेतात या पिकाला मिळणारा काळ ऑक्टोबर ते मार्च एवढाच, आणि त्यातही मध्ये थंडीचा एक अडथळा.

रोप तयार व्हायला ३० ते ३५ दिवस लागतात. लागवडीनंतर ६० ते ७५ दिवसांत पहिला तोडा मिळतो. सप्टेंबरच्या मध्यात बी टाकले तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लागवड होते आणि डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत फळ हाती येते. पुढे मार्चपर्यंत तोडे चालतात.

बहुतेकांची चूक इथेच होते. धान घरी आल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस बी टाकले जाते. मग लागवड जानेवारीत जाते आणि झाड फुलांनी भरते तेव्हा मार्च-एप्रिलचे ऊन सुरू झालेले असते. त्यावर कुठल्याही औषधाचा उपाय नाही. बांधीत धान उभे असतानाच रोपवाटिका सुरू करणे, हाच मार्ग आहे. भारी धान उशिरा निघत असेल तर त्या बांधीऐवजी हलक्या धानाची बांधी किंवा घराजवळची वाडी निवडावी.

धानाच्या बांधीत हे पीक येते का?

येते, पण तयारी लागते. धानासाठी चिखलणी केल्याने जमिनीच्या वरच्या थराखाली कडक थर तयार होतो. धानाला तो फायद्याचा, कारण पाणी खाली मुरत नाही. ढोबळी मिरचीची मुळे मात्र त्या थरावर अडतात आणि ओलित केले की पाण्यात बसतात. त्यामुळे बांधी वाफशावर आल्यावर खोल नांगरट करून हा थर फोडावा आणि गादीवाफे करूनच लागवड करावी. वाफ्याची उंची किमान ३० सेंमी ठेवावी. बांधीचा एक कोपरा उघडा करून पाण्याला वाट द्यावी.

जिल्ह्यात शेतकरी जमिनीला सिहार, मोरांड, कन्हार, खरडी, बर्डी अशा नावांनी ओळखतात. सिहार आणि मोरांड जमिनीत शेणखत घालून हे पीक घेता येते. कन्हार जमीन चिकण असल्याने पाणी धरून ठेवते, तिथे धोका जास्त. खरडी-बर्डीत निचरा चांगला, पण पाणी आणि खत वारंवार द्यावे लागते. सामू ६ ते ७ दरम्यान असावा. माती परीक्षण केल्याशिवाय चुना किंवा खताचा डोस ठरवू नये.

बांधीचा एक मोठा फायदाही आहे. टोमॅटो, वांगी, बटाटा आणि मिरची ही एकाच कुळातील पिके. वाडीच्या ज्या तुकड्यात दरवर्षी वांगी किंवा टोमॅटो असतात, तिथे मर रोगाचे जिवाणू मातीत साठत जातात. धानाच्या बांधीत चार महिने पाणी भरलेले असते आणि धान हे वेगळ्या कुळातील पीक आहे. त्यामुळे या रोगाचा जोर कमी होतो.

रोप कसे तयार करावे?

बाजारातून आणलेल्या मिरचीच्या बिया लावू नयेत. हिरव्या फळातील बी कच्चे असते आणि फळ संकरित वाणाचे असेल तर पुढच्या पिढीत तेच गुण उतरत नाहीत. उघड्या शेतासाठी कॅलिफोर्निया वंडर हा जुना सरळ वाण आहे. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे अर्का मोहिनी, अर्का गौरव आणि अर्का बसंत हे वाणही आहेत. यातील अर्का गौरव जिवाणूजन्य मर रोगाला सहनशील मानला जातो. खासगी कंपन्यांचे संकरित वाण घेताना ते उघड्या शेतासाठी आहेत की पॉलीहाऊससाठी, हे पाकिटावर पाहावे.

हिशेब सोपा आहे. ६० बाय ४५ सेंमी अंतराने एका एकरात सुमारे १५ हजार रोपे बसतात. ५ गुंठ्यांत सुमारे १,९०० रोपे. एका ग्रॅममध्ये साधारण १४० ते १६० बिया असतात. १० टक्के रोपे वाया जातील असे धरले तरी ५ गुंठ्यांसाठी १५ ग्रॅम बी पुरते.

९८ कप्प्यांच्या प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात अर्धा सेंमी खोल एक बी टाकावे. बी ७ ते १० दिवसांत उगवते. ट्रेवर बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी लावणे गरजेचे आहे, कारण विषाणू पसरवणारी पांढरी माशी रोपवाटिकेतच शिरते. रोपे बुडाशी मऊ होऊन आडवी पडत असतील तर पाणी जास्त होत आहे, असे समजावे. पाणी कमी करून हवा खेळती ठेवावी. बी पेरताना माध्यमात ट्रायकोडर्मा मिसळल्यास हा प्रकार आटोक्यात राहतो. लागवडीपूर्वी आठवडाभर पाणी थोडे कमी करून रोपे उन्हाला सरावू द्यावीत.

लागवडीनंतर काय करावे?

लागवड सायंकाळी करावी. झाड पहिल्यांदा दोन फांद्यांत फुटते, तिथे येणारे पहिले फूल खुडून टाकावे. ते ठेवले तर झाडाची ताकद एका फळात अडकते आणि वाढ खुंटते. फांद्या ठिसूळ असतात, फळांच्या वजनाने मोडतात. त्यामुळे बांबूच्या काड्या आणि सुतळीचा आधार द्यावा.

जिल्ह्यात तणसाची कमतरता नाही. वाफ्यावर तणसाचा ५ ते ७ सेंमी जाड थर अंथरला तर ओल टिकते, तण कमी उगवते आणि पावसाच्या थेंबांनी माती उडून पानांवर येत नाही. बुंध्याला मात्र तणस चिकटू देऊ नये.

पाणी थोडे पण नियमित द्यावे. ठिबक असेल तर उत्तम. नत्राचा अतिरेक टाळावा. युरिया वाढला की झाड पानांनी भरते, फुले गळतात आणि मावा-फुलकिड्यांना कोवळी पाने मिळतात.

घरी कुंडीत लावायची असेल तर?

किमान १२ इंच खोल आणि खाली छिद्रे असलेली कुंडी, जुनी बादली किंवा ग्रो-बॅग चालते. एका कुंडीत एकच रोप लावावे. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण करावे. राइस मिलचा काळा जळका कोंडा थोडा मिसळला तर माती भुसभुशीत राहते. जास्त टाकू नये, त्याने मातीचा सामू वाढतो. रोज ६ तास ऊन हवे. मार्चनंतर दुपारी हिरव्या जाळीची सावली द्यावी. पाणी देण्याआधी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहावे. आत ओल असेल तर पाणी देऊ नये.

लक्षण पाहा, कारण ओळखा

फुले गळतात : आधी तापमान पाहावे. दिवसा ३२ ते ३५ अंशांच्या वर किंवा रात्री १० अंशांच्या खाली असेल तर कारण तेच. त्याखालोखाल पाण्याचा ताण आणि युरियाचा अतिरेक. ही कारणे नसतील तरच फूल पांढऱ्या कागदावर झटकून पाहावे. कागदावर बारीक, लांबट किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे आहेत.

फळे लहान, चपटी, वाकडी येतात : फळ कापून पाहावे. आत बिया नसतील किंवा मोजक्याच असतील तर परागीभवन नीट झालेले नाही. आमगावात डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींनंतर हे दिसू शकते. अशी फळे लवकर तोडून टाकावीत. थंडीच्या लाटेत कुंड्या आणि लहान वाफे रात्री जुन्या साडीने किंवा प्लास्टिकच्या कमानीने झाकावेत आणि सकाळी उघडावेत.

फळाच्या बुडाशी काळपट, खोलगट डाग : हा रोग नाही. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण आहे. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि हा प्रवाह फळापेक्षा पानांकडे जास्त असतो. चार दिवस कोरडे आणि एक दिवस तुडुंब, असे पाणी दिले की फळाचा वाटा तुटतो. मातीत कॅल्शियम भरपूर असूनही डाग पडतो तो यामुळेच. डाग पडलेली फळे काढावीत, पाणी नियमित करावे, आच्छादन घालावे. कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅम फवारल्यास पुढच्या फळांना थोडी मदत होते. अंड्याची टरफले कुजायला कित्येक महिने लागतात, त्यांचा चालू पिकाला उपयोग नाही.

फळाच्या एका बाजूला पांढरा, कागदासारखा चट्टा : हा उन्हाचा चटका. चट्टा नेहमी उन्हाच्या बाजूला असतो. पाने जास्त छाटू नयेत. उन्हाळ्यात सावली द्यावी.

पाने मुरडतात : शेतकरी याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. त्याची कारणे तीन आणि उपायही तीन आहेत. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे दिसत असेल आणि देठ लांबला असेल तर कोळी. पाने बारीक, पिवळसर, गुच्छासारखी होऊन झाडच खुजे राहिले असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू.

कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे. साध्या कीटकनाशकाने तो मरत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मेल्याने तो वाढतो. त्यासाठी पाण्यात विरघळणारे गंधक किंवा खास कोळीनाशक लागते. विषाणूवर औषध नाही. असे झाड उपटून नष्ट करावे आणि पांढरी माशी आवरावी. माशी आणि माव्यासाठी पिवळे, तर फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावावेत. २०२१ पासून तेलंगण आणि आंध्र प्रदेशातील मिरचीवर फुलकिड्यांच्या एका नव्या परदेशी प्रजातीने मोठे नुकसान केले. ती फुलांत लपते. त्यामुळे निरीक्षण करताना फूल उघडून पाहायलाच हवे.

हिरवे झाड अचानक कोमेजते : पाने पिवळी न होता एक-दोन दिवसांत झाड मान टाकत असेल तर जिवाणूजन्य मर रोगाची शंका घ्यावी. घरच्या घरी तपासणी करता येते. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात टांगून धरावा. काही मिनिटांत कापाच्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले तर जिवाणूच कारणीभूत आहे. त्यावर खात्रीचे औषध नाही. झाड मुळासकट काढावे, शेजारच्या झाडांकडे त्या ठिकाणाहून पाणी वाहू देऊ नये आणि पुढे त्या जागी दोन-तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची घेऊ नये. धागे दिसले नाहीत आणि बुंधा जमिनीलगत काळा पडून कुजलेला असेल तर साचलेल्या पाण्यामुळे येणारी बुरशी असू शकते. तिथे निचरा हा पहिला उपाय.

पानावर पांढरी भुकटी, फळावर खोलगट वर्तुळे : भुकटी म्हणजे भुरी, ती पानाच्या खालच्या बाजूला आधी दिसते. तिच्यावर गंधक चालते. फळावरची वर्तुळे म्हणजे फळकूज. अशी फळे शेतात टाकून न देता पुरून टाकावीत आणि पाणी पानांवर न देता मुळाशी द्यावे.

फवारणी करायचीच असेल तर

सुरुवात निंबोळी अर्काने करता येते. ५० ग्रॅम निंबोळीची भरड कापडात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी पिळून गाळावी, थोडा साबण मिसळून सायंकाळी फवारावी. कडुनिंब तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. भर उन्हात गंधक फवारल्यास पाने करपतात.

रासायनिक औषध घेताना लेबलवर या पिकाचे नाव आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचे आहे, हे वाचावे. ढोबळी मिरचीचा तोडा दर आठ-दहा दिवसांनी होतो. प्रतीक्षा काळ त्याहून मोठा असेल तर औषधाचा अंश थेट ताटात जातो. डब्यावरील त्रिकोणाचा रंगही पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा.

दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला होता. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वाऱ्याची दिशा पाहणे हे नियम ५ गुंठ्यांनाही लागू आहेत.

काढणी आणि विक्री

फळ पूर्ण आकाराचे, घट्ट आणि चकचकीत झाले की देठासह कात्रीने कापावे. ओढून तोडल्यास फांदी मोडते. लाल-पिवळ्या रंगासाठी फळ आणखी दोन-चार आठवडे ठेवावे लागते आणि तेवढ्या काळात नवी फळे कमी धरतात. उघड्या शेतात हिरवी मिरची विकणेच बहुधा परवडते. फळे ७ ते ८ अंश तापमानात दोन-तीन आठवडे टिकतात. त्याहून थंड जागेत त्यांच्यावर खड्डे पडतात.

आमगावाहून गोंदियाची बाजारपेठ जवळ आहे, नागपूर रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर. पहिल्या वर्षी जवळच्या आठवडी बाजारात आणि हॉटेलांत खपेल एवढेच क्षेत्र घ्यावे. ५ गुंठ्यांत झालेली चूक सोसता येते, एकरातली कर्जावर जाते.

शेडनेट, पॉलीहाऊसला अनुदान मिळते का?

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून मंजूर मापदंडाच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. पूर्वसंमती मिळण्याआधी बांधकाम सुरू केल्यास अनुदान मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. पॉलीहाऊसमधील लागवडीचे प्रशिक्षण तळेगाव दाभाडे येथील केंद्रात मिळते.

मदत कुठे मिळेल?

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र गोंदियाजवळ हिवरा येथे आहे. आमगावात तालुका कृषी अधिकारी कार्यालय आहे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत सल्ला मिळतो. विचारताना केवळ पान दाखवून थांबू नये. लागवडीची तारीख, पाणी किती दिवसांनी देता, आधी कोणते पीक होते, कोणती औषधे मारली आणि मुरड वर आहे की खाली, एवढी माहिती द्यावी. पूर्ण झाड, पानाची खालची बाजू आणि कापलेले फळ असे तीन फोटो मोबाइलमध्ये असले तर कारण लवकर सापडते आणि नको असलेल्या औषधाचा खर्च वाचतो.